सोबतिणीचा काटा

लोकांच्या काट्यांवर संशय घेणं हे माझं काम आहे, आणि त्यासाठी सरकार मला पगार देतं. मी पद्मजा चौगुले, वजनमापे निरीक्षक, सांगली. हळदीच्या पेठेतले वजनकाटे, गाड्या चार्ज करायच्या पंपांचे मीटर, सराफांचे तराजू, सगळे वर्षातून एकदा माझ्यासमोर येतात. पंधरा वर्षांत एवढं शिकले की खोटा काटा कधी खोटा दिसत नाही. तो लख्ख पुसलेला असतो, त्याला हार घातलेला असतो आणि मालक आपण आल्याआल्या चहा सांगतो.

माझे पहिले साहेब घाटगे म्हणायचे, "बाई, काट्याकडं टक लावून बघून काही कळत नसतं. पारडी बदला." म्हणजे तराजूत डावीकडे एक वजन ठेवायचं, उजवीकडे तेवढंच दुसरं. काटा मधोमध थांबला तरी हुरळून जायचं नाही. डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे ठेवून बघायचं. दांडीची एक बाजू केसभर जरी लांब असली तरी लबाडी उघडी पडते. पुढे हीच युक्ती मला स्वतःसाठी वापरावी लागली, आणि ती सुचायला लाजिरवाणा उशीर लागला.

त्या मंगळवारी मी माणिकशेठ सराफांच्या पेढीवर होते. गिऱ्हाइकांना हल्ली जुन्या तराजूची पुन्हा हौस आलीय, म्हणून त्यांनी आजोबांचा पितळी तराजू काचेच्या पेटीत मांडला होता आणि मंगळसूत्राचे मणी त्यावर तोलून देत होते. मी वजनं ठेवली. काटा मधोमध. अदलाबदल केली. काटा डावीकडे कलला. पुन्हा करून बघितलं, पुन्हा कलला.

"माणिकशेठ, हा नापास."

"असं कसं? चार पिढ्या ह्याच्यावर सोनं तोललंय बाई. आजवर कुणी बोट दाखवलं नाही, आणि तुम्ही..."

माझं डोकं तापलं. तेवढ्यात माझ्या मनगटावरच्या पट्ट्यातून एक गोड बायकी आवाज आला, दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतका स्वच्छ.

"पद्मजाताई, तुमचा स्थैर्यांक आत्ता सेहेचाळीस आहे. महत्त्वाचे निर्णय शक्यतो पुढे ढकला. थोडं पाणी प्या."

माणिकशेठची सून गेल्या वर्षी मूल होण्याच्या याच उपचारातून गेली होती. त्यांना तो आवाज ओळखीचा होता. त्यांचा सूर एकदम मऊ झाला. "असं होय. बसा, बसा. बरं नसलं तर पुढच्या आठवड्यात या की. काटा कुठं पळून जातोय?"

आणि मी, हळदीच्या पेठेत जिच्या नावाने शिव्या पडतात ती मी, वजनं डबीत भरली आणि काही न लिहिता उठून आले. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं की माझंच काहीतरी चुकलं असेल.

*

हा आवाज सोबतिणीचा. ‘सोबतीण’ हे त्या यंत्राचं नाव. बेंबीच्या डाव्या बाजूला चिकटवायची, पापडाएवढी मऊ पट्टी; बोलते मात्र मनगटावरच्या पट्ट्यातून. तिच्या खालच्या अंगाला केसापेक्षा बारीक तीनशे सुया असतात. त्या दुखत नाहीत. दर सहा मिनिटांनी त्या कातडीखालच्या पाण्यातले हार्मोन मोजतात आणि लागेल तेवढं औषध आत सोडतात.

विज्ञान तसं सोपं आहे. दर महिन्याला बाईच्या अंडाशयात दहाबारा बीजांडं वाढायला लागतात. त्यातलं एकच पुरतं पिकतं, बाकीची विरून जातात. औषध त्या विरणाऱ्यांना विरू देत नाही. म्हणून पंधरा-वीस एकदम वाढतात. प्रत्येकाभोवतीची पिशवी इस्ट्रोजेन सोडते, आणि रक्तातलं इस्ट्रोजेन नेहमीच्या दहापट होतं. ते मेंदूपर्यंत पोचणारच. मग भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून हुंदके येतात, आणि नवऱ्याने चप्पल आडवी काढली म्हणून त्याला सोडून जावंसं वाटतं.

माझ्या पहिल्या फेरीला सोबतीण नव्हती, साधी इंजेक्शनं होती. फ्रिजच्या दारात, लिंबाच्या लोणच्याशेजारी. रोज संध्याकाळी सातला मी पोटावर बर्फ फिरवायची, चिमूट धरायची आणि माझा नवरा अभिनंदन सुई टोचायचा. सासूबाई, म्हणजे आमच्या आक्का, तोंड दुसरीकडे करून माझं मनगट धरून बसायच्या. पोट निळ्या डागांनी भरून गेलं होतं. बीजांडं निघाली, गर्भ राहिला नाही. पण त्या बारा संध्याकाळी आम्ही तिघं एका खोलीत होतो, आणि अभिनंदन सुई टोचताना माझ्या चेहऱ्याकडे बघत होता.

दुसऱ्या फेरीला सोबतीण आली आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. टोचायचं नाही, वेळ पाळायची नाही. शिवाय ती रक्तातली पातळी, नाडी, झोप आणि बोलण्याचा सूर एकत्र करून शंभरपैकी एक आकडा सांगायची. हा स्थैर्यांक घरच्यांच्या फोनवरही जायचा. अभिनंदनला तो वरदानच वाटला. तो पॉलिटेक्निकमध्ये शिकवतो, आकड्यांवर त्याचा विश्वास आहे. आधी मी का रडतेय हे त्याला कळायचं नाही आणि तो घाबरायचा. आता घरात शिरायच्या आधी तो जिन्यातच फोन बघायचा. पंचावन्न असला तर खाली जाऊन माझ्यासाठी शहाळं आणायचा. चाळीस असला तर मी बोलेन त्याला "हो, हो" म्हणायचा.

त्या फेरीला माझ्या अंडाशयात बावीस बीजांडं वाढली. शेवटचा डोस दिल्यावर पोटात पाणी झालं, श्वास घेता येईना, आणि पाच दिवस मी नळी लावून पडले होते. पुन्हा हाती काही लागलं नाही. डॉक्टर म्हणाले, नव्या सोबतिणीत याची काळजी घेतलीय.

आणि मी तिसऱ्या फेरीला हो म्हटलं. मला मूल हवं होतं. शेजारच्या फ्लॅटमधलं बाळ रडलं की मी भांडी घासायचं थांबवून ऐकत बसायची.

*

आता यातली गोम सांगते. उपचार सुरू व्हायच्या आधी, औषधाचा थेंबही अंगात नसताना, मिरजेच्या त्या केंद्रात जोडप्याचं चित्रण करतात. त्याला ‘संकल्प’ म्हणतात. स्वस्थ मनाने, आपल्या शब्दांत सांगायचं की हे आम्हाला का हवंय. कारण मध्येच बायका घाबरून सोडतात आणि नंतर पस्तावतात, असं त्यांचं म्हणणं. ते काही अगदीच खोटं नसेल. नियम असा, की आकडा सत्तरच्या वर असला तर बाईने ‘थांबवा’ म्हटलं की लगेच थांबतं. सत्तरच्या खाली असला तर तिच्या एकटीच्या नकाराला किंमत नाही. जोडीदाराने अंगठा उमटवला तरच तो धरतात.

संकल्पात मी काय बोलले ते मला पाठ आहे, कारण ते मला सारखं ऐकवलं जायचं. मी म्हटलं होतं, "मला बाळ हवंय. मध्येच मी रडेन, नको म्हणेन, तेव्हा ती मी नसेन, औषध असेल. अभि, मी कितीही रडले तरी ऐकू नकोस." आणि अभिनंदन हसत म्हणाला होता, "नाही ऐकणार." मग आम्ही बाहेर येऊन भडंग खाल्लं होतं.

माणिकशेठकडून मी घरी आले तेव्हा उपचाराचा पाचवा दिवस होता. सकाळच्या सोनोग्राफीत एकोणीस पिशव्या दिसल्या होत्या. पोट गेल्या वेळेसारखं ताठायला लागलं होतं. अभिनंदन शहाळं फोडत होता.

"अभि, मला थांबायचंय."

त्याने वर बघितलं. माझ्याकडे नाही, टेबलावरच्या फोनकडे. "बेचाळीस आहे तुझा."

"आकडा राहू दे. मला भीती वाटतेय. गेल्या वेळेसारखं झालं तर? अंगठा दे, बास."

त्याच्या चेहऱ्यावर खरोखरची कळ उमटली. तो वाईट माणूस नाही. "पद्मा, तूच सांगितलं होतंस ना? मला शपथ घातल्यासारखं सांगितलं होतंस. उद्या तू ठीक झाल्यावर म्हणशील, मी तेव्हा वेडी होते, तू कसं ऐकलंस."

मी काही बोलायच्या आत सोबतीण बोलली. "पद्मजाताई, तुमचा संकल्प ऐकूया का?" आणि माझाच आवाज खोलीभर झाला. मी कितीही रडले तरी ऐकू नकोस. शहाळ्यातलं पाणी ग्लासात पडत राहिलं आणि मी माझ्याशी भांडण हरले.

बुधवारी मी पट्टी उपटली. चाळीस मिनिटांत मिरजेहून नर्स आली. तिच्या पिशवीत नवी पट्टी होती, आणि माझ्यासाठी चाफ्याचं फूल होतं. ती ओरडली असती तर मी तिला हाकलून दिलं असतं. पण तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला, "होतं ताई असं, सगळ्यांना होतं," म्हणाली आणि फुंकर घालून नवी पट्टी लावली. आक्का दारात उभ्या राहून बघत होत्या. पुन्हा असं केलं तर केंद्रात निरीक्षणाखाली ठेवावं लागेल, हेही तिने तितक्याच मायेने सांगितलं.

गुरुवारी मी डॉक्टरांना भेटले. ते खुर्ची पुढे ओढून बसले. "पद्मजाताई, माझा शब्द. आकडा सत्तरच्या वर जाऊ दे आणि मग म्हणा, त्याच मिनिटाला बंद. तुमच्यावर जबरदस्ती कोण करणार?"

"आणि नाही गेला तर?"

"मग सोमवारी सकाळी ती शेवटचा डोस देईल. बुधवारी बीजांडं काढू. घाबरू नका."

म्हणजे माझ्याकडे सोमवारपर्यंत वेळ होता. तो शेवटचा डोस पोटात गेला नाही तर पिशव्या आपोआप ओसरतात. गेला, तर पाणी व्हायची भीती सुरू. मी ठरवलं, शांत व्हायचं. ही काय मोठी गोष्ट आहे? शुक्रवारी रजा टाकली. सकाळी प्राणायाम केला. कुंड्यांना पाणी घातलं. आक्कांच्या जुन्या साड्यांच्या घड्या घातल्या. दुपारी तीनला मनगटावर चौऱ्याहत्तर आला. मी खुर्चीत बसले, हात मांडीवर ठेवले आणि बँकेत पत्ता सांगावा तशा आवाजात म्हटलं, "मला उपचार थांबवायचा आहे."

पट्टा एकदा थरथरला. "पद्मजाताई, तुमचा स्थैर्यांक आत्ता एकोणपन्नास आहे."

मी पुन्हा चढले. पाऊण तासात बहात्तरवर आले. पुन्हा म्हटलं. पुन्हा घसरला. चौथ्या वेळी मी मुठी आवळून ओरडले, आणि तेव्हा तो एकतीस झाला, जे बरोबरच होतं.

*

शनिवारी ऊन उतरताना आक्का जेवायला बसल्या होत्या. आम्ही जैन. आक्का दिवस मावळायच्या आत जेवण उरकतात. मी समोर नुसती बसले होते. आमच्याकडच्या जुन्या बायकांसारख्या आक्का ‘मी बघतो, मी करतो’ असंच बोलतात.

"बस्तीला जायच्या आधी मी रोज तुझा आकडा बघतो," त्या म्हणाल्या. बस्ती म्हणजे आमचं मंदिर. "अभि सांगतो, कमी असला की सुनेशी वाद घालू नको. मी घालत न्हाई. पण मग तू काय म्हणतीस ते ऐकायचंच ऱ्हाऊन जातंय गं. माझं चुकलंच."

चार दिवसांत कुणीतरी पहिल्यांदा माझ्याकडे बघत होतं.

"आक्का, मीच बोलून ठेवलंय. रडले तरी ऐकू नका म्हणून."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. ताटात गूळ नव्हता. नातवंडासाठी त्यांनी गूळ सोडला होता, हे मला माहीत होतं.

"ह्यो गुळाचा नेम घेतला तवा मुनिमहाराजांनी पहिलं काय इचारलं? किती दिवस? मी म्हटलं, दिवाळीपर्यंत. मुदत बोलल्याबिगर ते नेम देत न्हाईत. माणूस उद्या आजारी पडंल, शक्ती ऱ्हाणार न्हाई, म्हणून मुदत." त्यांनी पाण्याचा तांब्या सरकवला. "तुम्ही त्या यंत्रापुढं मुदत बोललासा का?"

नव्हतो बोललो. मी! माझ्या हातून निघालेल्या प्रत्येक मोहोरेवर वर्ष असतं, तिमाही असते. कपाटातली माझी स्वतःची प्रमाण वजनंसुद्धा दरवर्षी कोल्हापूरला नेऊन तपासून आणावी लागतात, कारण वापरून वापरून पितळही झिजतं. आणि मी माझ्या एका दुपारच्या बोलण्याला कायमचं प्रमाण वजन करून बसले होते. पोटात पाणी होण्याच्या आधीचं ते बोलणं.

घाटगेसाहेब आठवले. चार दिवस मी काट्याकडे टक लावून बघत होते. पारडी बदलायचं मला सुचलंच नव्हतं.

*

रविवारी सकाळी मी खोकं काढलं. कुठलंही यंत्र हाती आलं की मी आधी त्याची नामपट्टी वाचते, सोबतिणीची वाचली नव्हती. माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात होतं: स्थैर्यांकाची घडण उपचार पूर्ण केलेल्या महिलांच्या नोंदींवर आधारित आहे. म्हणजे ज्यांनी सोडलं, त्यांचा आवाज कसा असतो ते यंत्राने फक्त बिघाड म्हणून शिकलं होतं. नकार आला की आकडा खाली.

हा माझा तर्क झाला. तर्कावर काटा नापास करता येत नाही. खोक्याच्या तळाशी आणखी एक पाकीट होतं, सीलबंद. ‘जोडीदार पट्टी’. तिच्यात औषध नसतं, ती नुसती मोजते. बायकोला काय होतं ते नवऱ्याने एक दिवस अनुभवावं म्हणून देतात. अभिनंदनने ते कधी उघडलंच नव्हतं.

दुपारी जेवणं झाल्यावर मी टेबल रिकामं केलं, पंचनाम्याचा कागद मांडला आणि दोघांना बोलावलं.

"हे काय?" अभिनंदन म्हणाला.

"तपासणी. आक्का पंच. दोन पंच लागतात, पण घरात दुसरा माणूस तूच आहेस, आणि तुझ्यावर तर तपासणी करायचीय. ही पट्टी लाव."

त्याने फोन बघितला. माझा आकडा अडतीस होता. त्याच्या ओठांवर आलेलं "हो, हो" मला दिसलं.

"अभि, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. मी अस्थिर आहे, कबूल. उद्या सकाळी तो डोस जायच्या आत फक्त एक काटा तपासायचाय. तो खरा निघाला तर मी एक शब्द बोलणार नाही. पोटात पाणी झालं तरी बोलणार नाही."

शेवटच्या वाक्यावर त्याने फोन टेबलावर ठेवला. शर्ट वर करून त्याने पट्टी लावली. त्याच्या गोऱ्या, सुटलेल्या पोटावर ती जरा केविलवाणीच दिसत होती. आक्कांना हसू आलं. पाच मिनिटांनी त्याच्या फोनवर आकडा उमटला. सत्त्याऐंशी.

"म्हण, मला चालू ठेवायचंय."

"मला चालू ठेवायचंय."

एकोणनव्वद. मी लिहून घेतलं.

"आता म्हण, मला थांबायचंय."

"मला थांबायचंय," तो वर्गात हजेरी घ्यावी तसं म्हणाला.

चोपन्न.

तो फोनकडे बघतच राहिला. "नेटवर्कचा काहीतरी..."

"काट्याचं एक वाचन धरत नाहीत. पाच मिनिटं थांब, पुन्हा म्हण."

पाच मिनिटांत आकडा शहाऐंशीवर चढला. तो म्हणाला. सत्तेचाळीस. आणि सोबतीण त्याच गोड आवाजात बोलली, "अभिनंदनदादा, तुमचा संकल्प ऐकूया का?" मग माझं ते बोलणं आलं, आणि मागोमाग त्याचं हसणं आणि त्याचे दोन शब्द. नाही ऐकणार.

अभिनंदनने पोटावरच्या पट्टीवर बोट ठेवलं. "माझ्यात तर औषधाचा थेंबसुद्धा नाही."

"नाही."

"मग हे काय मोजतंय?"

"तू काय म्हणतोस ते." मी माझ्या मनगटाला म्हटलं, "मला डोस वाढवून हवाय." अडतीसवर असलेल्या मला तिने विचारलं, "किती वाढवू, पद्मजाताई?" अंगठा मागितला नाही, संकल्प ऐकवला नाही, पाणी पी म्हणाली नाही. मी "राहू दे" म्हटलं आणि तेही लिहून घेतलं.

"नियमाने तीन वाचनं लागतात," मी म्हटलं. अक्षर वाकडं येत होतं. "शेवटचं."

त्याने मान हलवली. पण या वेळी त्याने फोनकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं, सुई टोचताना बघायचा तसं.

"पद्मा, मला थांबायचंय." त्याचा आवाज फाटला. "गेल्या वेळी तुझ्या पोटातलं पाणी काढत होते ना, मी काचेतून बघत होतो. तेव्हाच थांबायचं होतं. तुला कसं सांगू कळेना. तुला बाळ हवंय, आणि मीच नको म्हणू? मग हा आकडा आला. मला बरं वाटलं गं. काही ठरवावं लागत नव्हतं. तू नको म्हणायचीस, आणि मी आकडा बघायचो. मला रोज सुटल्यासारखं वाटायचं."

फोनवर काय आकडा आला ते मी बघितलं नाही. तिसऱ्या वाचनाची जागा कागदावर अजून रिकामी आहे.

"मग म्हण आता," तो म्हणाला. "तुझं तू म्हण."

"मला थांबायचंय."

सोबतीण काहीतरी बोलायला लागली. तिचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत त्याने अंगठा टेकवला. पोटावर मुंगी चालल्यासारखं झालं, तीनशे सुया आत ओढल्या गेल्या, आणि पट्टी सैल पडली. खाली लाल गोल डाग होता. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. सुटका झाली म्हणून नव्हे. ते एकोणीस आता ओसरणार होते, आणि मला मूल हवं होतं, अजूनही हवं आहे. आक्कांनी माझं मनगट धरलं होतं, पूर्वीसारखं. पण तोंड दुसरीकडे केलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने त्यांनी कागद पुढे ओढला. "सही कुठं करू?"

*

सोमवारी सकाळी दहाला मी माणिकशेठच्या पेढीवर गेले. पंचनाम्याची एक प्रत मिरजेला डॉक्टरांना पाठवली होती, एक मुंबईला वरिष्ठांना. माणसाच्या मनाचे काटे आमच्या कायद्यात येत नाहीत, असं उत्तर येईल हे मला ठाऊक होतं. तरी पाठवली.

पितळी तराजू काचेच्या पेटीत लखलखत होता. नवा हार घातला होता. माणिकशेठनी माझे सुजलेले डोळे बघितले, मग माझं रिकामं मनगट, आणि चहा सांगितला.

"काय बाई, आता बरं आहे ना? का अजून...?"

"नाही माणिकशेठ, बरं नाही," मी म्हटलं आणि वजनांची डबी उघडली. "सकाळपासून रडतेय. पेटी उघडा, पारडी बदलून बघायचीत."